टँकरचा मोबाईल

टँकरचा हॉर्न वाजला की माझ्या कपाळाची शीर उठते. यंदा तो होळीच्या आधीच वाजायला लागला. मी सकाळची मशीनवर बसलेले, कुणाच्या तरी लग्नातल्या ब्लाऊजला हुक लावत होते, आणि कोपऱ्यावरून तो लांबलचक भोंगा आला. लगेच गल्लीत दारं आपटली, पाइप फरफटले, निळ्या ड्रमांची झाकणं उघडली आणि कुणीतरी गच्चीवरून ओरडलं, "आला गं, आला!" जसा काही दिवाळसणाचा जावईच आला. लोकांना उन्हाळा मोगऱ्याच्या वासानं कळत असेल, कैऱ्यांनी कळत असेल. आम्ही बीड बायपासच्या पलीकडं राहतो. शहर संपलं संपलं म्हणता म्हणता आणखी पुढं सरकतं, तिथं. आमचा उन्हाळा टँकरनं येतो. तापलेल्या रबरी पाइपातून पहिलं पाणी येतं त्याला जळकट वास असतो. तो नाकात गेला की मला तोच एक उन्हाळा आठवतो आणि दिवसभर माझं कशात लक्ष लागत नाही.

या शहराचं तरी काय सांगावं! नाव बदललं, रस्ते रुंद झाले, पूल झाले. माझ्या खिडकीसमोर उंचच उंच इमारत उभी राहिली. तिच्या बोर्डावर पोहण्याचा तलाव काढलाय, निळाशार, आणि त्यात आई, बाप आणि दोन लेकरं दात काढून हसतायत. त्या बोर्डाखालून आम्ही हंडे घेऊन जातो. नळाला पाणी येतं ते लहर लागली तर. कधी आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा, कुणी विचारायचं नाही. पण नेट? त्याची एक दिवस बोंब नाही. घरात प्यायला घोटभर पाणी नसेल, पण लेकराच्या हातात व्हिडिओ चालू. पाणी मागायला मोर्चा काढावा लागतो आणि नेट मात्र न मागता दारात. ही रीत कुणी पाडली, त्याचं मला एकदा तोंड बघायचंय.

तो उन्हाळा आला तेव्हा नेट नुकतंच स्वस्त झालं होतं. आधीचा पावसाळा नावालाच झाला होता. पैठणचं धरण तळाला गेलेलं. लोक एस.टी.नं दर्शनाला जायचे आणि परत आल्यावर देवाचं न बोलता धरणातल्या भेगांचंच बोलायचे. माझी धाकटी बहीण मंगल माझ्याच खालच्या मजल्यावर राहायला आलेली. तिचा नवरा अशोकराव शेंद्र्याला कंपनीची बस चालवायचा, मंगल तिथंच पॅकिंगला. त्यांची आरोही तेव्हा चार वर्षांची. आमची आरू. मला लेकरू नाही. आरू झाली त्या दिवसापासून ती निम्मी माझीच, असं मी धरून चालले होते. त्यात कुणाच्या बापाचं काय जातंय?

आणि बोलायची किती ती! माझ्या मशीनखाली तिचं घर. कापडाच्या चिंध्या गोळा करायची, प्रत्येकीला काहीतरी झालेलं असायचं. "मावशी, ही लाल रुसलीय." का गं? "तिला कुणी खेळायला घेईना." हिरवी भित्री होती, पिवळीला भूक लागलेली, आणि एक जरीची किनार होती ती कायम रागात. मी तिला विचारायचे, "आणि तू गं?" तर दोन्ही हात छातीवर ठेवून सांगायची, "मी आज थोडी रडकी आणि थोडी हसकी." पडली, खरचटलं, तर असं भोकाड पसरायची की मेडिकलवाला दुकानातून विचारायचा, आरूला लागलं का? सगळ्या गल्लीला तिचं दुखणं ठाऊक. मंगल वैतागायची. मला बरं वाटायचं.

मग टँकर सुरू झाले. टँकर आला की बायांना दुसरं काही सुचायचं नाही. सुचणार कसं? पाइप हातातून सुटला की गेला नंबर, आणि दिवसभर घर कोरडं. लेकरं पायात यायची. एकदा टँकर मागं घेताना रेखाचा धाकटा चाकाजवळ गेला. रेखा म्हणजे आमच्या समोरची. कुणीतरी दंडाला धरून ओढला म्हणून वाचला. तिथंच, रिकाम्या हंड्यांवर बसून ठरलं की टँकर आला की सगळी लेकरं शेजारच्या शबाना भाभीच्या पुढच्या खोलीत घालायची, बाहेरून कडी लावायची आणि आत एक मोबाईल द्यायचा. ज्या बाईची बॅटरी भरलेली, तिचा मोबाईल. त्याला नावच पडलं, टँकरचा मोबाईल.

मी म्हटलं होतं, मी बसते लेकरांपाशी. तर शबाना भाभी हसली. "अक्का, तुम बैठे तो तुमारा पानी कौन भरेगा? दो घडी को क्या होता जी." खरंच होतं तिचं. माझं कोण भरणार होतं? प्रत्येकीला एकच जोडी हात, आणि ते पाइपला लागलेले. कुणाची लबाडी नव्हती, कुणाचा आळस नव्हता. लेकरं चाकाखाली येऊ नयेत एवढीच इच्छा. म्हणून तर मला जास्त राग येतो. दोष द्यावा तर द्यावा कुणाला? आया उन्हात उभ्या राहून लेकरांसाठीच पाणी भरत होत्या आणि तेवढ्यात आत लेकरं त्यांच्या हातून जात होती.

दोन घडी कसल्या! टँकर उशिरा यायचा, भांडणं व्हायची, कधी दुपार व्हायची. हॉर्न वाजला की आई जाणार आणि मोबाईल येणार, हे लेकरांना पक्कं ठाऊक झालं. महिनाभरात आरू हॉर्न ऐकला की खेळ टाकून हात पुढं करायला लागली. मग हॉर्नशिवायही करायला लागली. जेवताना, न्हाताना, मंगल कामावरून येऊन चपला काढत असताना. दिला की गप्प. आणि आमच्याकडं गप्प लेकराचं लई कौतुक! पाहुणे यायचे आणि म्हणायचे, "किती गुणी पोर! आवाज म्हणून नाही." चिंध्या माझ्या मशीनखाली तशाच पडून राहायच्या. मी विचारायचे, "आरू, लाल अजून रुसलीय का गं?" ती वर न बघता म्हणायची, "ते कापड आहे."

मग तो दिवस. पाणी भरून झालं, शबाना भाभीनं कडी काढली. आत पोरं भिंतीला टेकून बसलेली, डोकी एका ठिकाणी. आरू मधोमध. तिची हनुवटी फुटली होती. लोखंडी पलंगाच्या कडेवर पडली असणार. फ्रॉकच्या गळ्यापासून पोटापर्यंत रक्त आलेलं, थोडं वाळलेलंसुद्धा. आणि ती बघत होती. कुठलीशी बाहुली बाजारात जाते आणि केक घेते, ते बघत होती. बाकीची लेकरंही तेच बघत होती. कुणी ओरडलं नव्हतं, कुणी दार वाजवलं नव्हतं. मंगलनं किंचाळून तिला उचललं, तर आरू मान वाकडी करून मोबाईलकडंच बघत राहिली.

दवाखान्यात टाके घालायचे होते. डॉक्टर म्हणाले, "मोबाईल द्या हातात, म्हणजे हलणार नाही." दिला. सुई आत गेली, बाहेर आली. आरूनं डोळासुद्धा मिटला नाही. "व्वा! काय शूर मुलगी!" डॉक्टर खूश, कंपाउंडर खूश. मी भिंतीला धरून उभी होते, आणि मला वाटत होतं की या सगळ्यांच्या एकेक कानाखाली वाजवावी. अरे, चार वर्षांच्या लेकराला सुई टोचतेय आणि ते रडत नाही, आणि तुम्ही टाळ्या कसल्या वाजवता?

आम्ही करमाडकडचे, आमच्या बाची मेंढरं होती. आता शेंद्र्यापासून पुढं सगळ्या कारखान्यांच्या शेडच शेड झाल्या, चरायचं रान गेलं, मेंढरं विकली. पण लहानपणी मी दुष्काळातलं वाड्यावरचं राहणं बघितलंय. वाडा म्हणजे दगडामातीचा नव्हे, रानात जाळी बांधून मेंढरं बसवतात तो. दिवसा मेंढ्या चरायला जायच्या आणि लहान कोकरं जाळीत मागं राहायची. संध्याकाळी कळप परत आला की बा जाळी उघडायचा आणि एकच गलका! शेकडो आयांत प्रत्येक कोकरू ओरडत आपली आई हुडकायचं, आई ओरडून ओ द्यायची, वास घ्यायची, पाजायची. दुष्काळात मेंढीला दूध नसायचं. ती आपल्याच कोकराला लाथ मारायची. तेव्हा माझी आई बाटली घेऊन यायची, तर बा तिला थांबवायचा. "आत्ताच नको. बाटलीच्या मागं लागलं की ते आईला हाक मारायचं सोडतंय." मग तो मेंढीचा पाय धरून बसायचा. कोकरू तिच्या तोंडाशी न्यायचा, कासेशी लावायचा, ती झिडकारायची, हा पुन्हा लावायचा. अंधार पडेपर्यंत बसायचा. अगदीच जमलं नाही तर मग बाटली. आता म्हणाल, लेकराची आणि कोकराची काय बरोबरी! तर म्हणा. मला राग येतो तो हाच की आमच्या बाला बसायला वेळ होता, दुष्काळातही होता, आणि माझ्या बहिणीला कंपनीतली पाळी बुडवून बसायची सोय नव्हती.

त्या उन्हाळ्यातच बा आरूला बघायला आला होता. टोपी काढून तिच्याशेजारी फरशीवर बसला. "आरे, ए आरे, आज्याला बघ की." तिनं बघितलं नाही. त्यानं तिच्या हनुवटीवरची पट्टी बघितली, मग माझ्याकडं बघितलं. "लागलंय तरी हे ओरडत काऊन नाय गं?" मी काय सांगणार! म्हटलं, "शहाणी झालीय म्हणतात सगळे." बा चहा न घेताच उठला. तो चहा सोडून कधी उठत नसे.

मी मंगलशी भांडले त्या दिवशी. मोबाईल बंद कर म्हटलं, ताबडतोब बंद कर. ती कंपनीतून आलेली, पायाला सूज, ओट्यावर पीठ तसंच. म्हणाली, "अक्का, तुला लेकरं नाहीत, तुला बोलायला काय जातंय? ती गप्प बसते म्हणून माझ्या हातून भाकरी तरी होते." लागलं मला. लागणारच. पंधरवडाभर मी खाली गेले नाही. पण तिचं चुकलंच होतं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही आणि आजही येत नाही.

पुढं पावसाळा झाला, धरण भरलं, टँकर गेला. मोबाईल राहिला. मग तो करोनाचा बंद आला आणि शाळाच मोबाईलमध्ये शिरली. ज्याला दूर ठेवायचं त्याच्यासमोर लेकराला रोज सकाळी गणवेश घालून बसवायचं! मी हात टेकले.

आरू आता पाचवीत आहे. वाईट मुलगी नाही. सांगितलं ते करते, मार्क बरे आणते. पण रागावत नाही, हट्ट करत नाही, रडत तर नाहीच. बा गेला तेव्हा करमाडला सगळे धाय मोकलून रडत होते. ही एका बाजूला उभी राहून मला हळूच म्हणाली, "मावशी, मी काय करू?" मी म्हटलं, रड बाई. ती म्हणाली, "येत नाही." मैत्रिणीशी भांडण झालं तर घरात सांगत नाही. चेहऱ्यावरून ओळखावं तर चेहऱ्यावर काही नसतं. नुसता हात मोबाईलकडं जातो.

परवा तिच्या शाळेत पालकसभा होती. मंगलची कंपनीत पाळी होती, पण ती यंदा हट्टानं सुट्टी घेऊन आली. मीही गेले. एक बाई आल्या होत्या, मुलांच्या मनावर बोलायला. खणाची सुंदर साडी नेसलेल्या. पडद्यावर चित्रं दाखवून म्हणाल्या, "आजच्या आईकडे मुलांसाठी वेळच नाही. तुम्ही मुलांच्या भावना ओळखता का? त्यांच्याजवळ बसता का?" सगळ्या आया माना खाली घालून बसल्या. मंगलनं पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. ती लहानपणी मार खाण्याआधी फ्रॉकचं टोक असंच गुंडाळायची. माझं रक्त तापलं. आणि शेवटी बाई काय म्हणाल्या असतील? मुलांना मोबाईलपासून दूर कसं ठेवावं याचे व्हिडिओ आहेत, सगळ्यांनी मोबाईल काढा आणि हा कोड स्कॅन करा!

मी उभी राहिले. म्हटलं, "बाई, तुमच्याकडं नळाला पाणी किती दिवसांनी येतं?" त्या गोंधळल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "ताई, विषय वेगळा आहे." म्हटलं, "विषय तोच आहे. आईनं लेकराजवळ बसावं म्हणता ना? मग तिचे हात पाइपातून सोडवा आधी. सुट्टीतला अभ्यास तुम्ही मोबाईलवर पाठवता, फीची आठवण मोबाईलवर, स्नेहसंमेलनाचा नाच मोबाईलवर बघून बसवा म्हणता. आणि वरून आयांना विचारता, तुम्ही बसता का!" मागून दोघी-तिघी म्हणाल्या, "व्हय, बरोबर आहे." कुणीतरी हसलं. मग चहा-बिस्किटं आली आणि सभा संपली. असल्या सभा चहावरच संपतात.

त्या संध्याकाळी मी जिन्यात उभी होते, मंगलचं दार उघडं होतं. ती आरूसमोर फरशीवर बसली होती. कितीतरी वर्षांत मी तिला तशी रिकाम्या हातांनी बसलेली बघितली नव्हती. तिनं आरूच्या हनुवटीवरच्या त्या जुन्या वणावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे झालं तेव्हा तुला लई दुखलं होतं का गं?"

आरूनं विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी घालून. मग म्हणाली, "माहीत नाही."

मंगल तशीच बसली. आरूला वाटलं आपण काहीतरी चुकीचं बोललो, म्हणून ती आईच्या तोंडाकडं बघत राहिली. मी वर आले आणि दार लावून मशीन जोरात चालवलं, म्हणजे माझं रडणं खाली जाऊ नये. आपल्याला दुखलं की नाही हेच ज्या लेकराला माहीत नाही, त्याला पुढं कोण काय करेल आणि ते कुणाला सांगेल? टीप वाकडी गेली, ब्लाऊज उसवावा लागला.

आणि काल टँकर आला. मंगल म्हणाली, "आरू, चल. यंदा तूपण." आरू मुकाट आली, कळशी घेऊन. ऊन मी म्हणत होतं. रेटारेटी नेहमीचीच. मंगलच्या हाती पाइप आला आणि ड्रम भरायला लागला. तेवढ्यात गर्दीतून कुणाचा तरी भरलेला हंडा निसटला, थेट आरूच्या पायावर. अंगठ्याचं नख उलटलं. आरू खाली बसली. गप्प. नुसती पायाकडं बघत राहिली, आणि तिचा हात पुढं आला. मला तो हात माहीत आहे. पायाला नव्हता जात तो, हवेत आला होता, काहीतरी कुणीतरी ठेवावं म्हणून.

रेखानं कमरेचा मोबाईल काढला. प्रेमानंच काढला. "घे गं माय, हे बघ, रडू नको हं."

आरूनं मोबाईल हातात घेतला. त्याच्याकडं बघितलं. मग पुन्हा पायाकडं बघितलं, आणि तिचा खालचा ओठ हलायला लागला. एवढ्या वर्षांनी मी तो ओठ हलताना बघत होते. तिनं मोबाईल चिखलात टाकून दिला आणि असं भोकाड पसरलं की मेडिकलवाला दुकानातून बाहेर आला. "आई! आई गं! दुखतंय! लई दुखतंय!"

"एवढी घोडी झाली आणि रडायली काय?" कुणीतरी म्हणालं. रेखा मोबाईल पुसत बसली. शबाना भाभी म्हणाली, "अरे, पानी पिलाव उसको, चुप कराव." मी मध्ये जाऊन उभी राहिले. "कुणी गप्प करायचं नाही तिला! रडू द्या. जिला बघवत नाही तिनं घरात जावं!"

मंगलनं पाइप सोडला. ड्रम अर्धाही भरला नव्हता. पाइप रस्त्यावर सापासारखा वळवळला, पाणी धुळीत जायला लागलं, मागच्या बाया ओरडायला लागल्या, कुणी पाइपाला झोंबलं, कुणी मंगलच्या नावानं शिव्या घातल्या. ती वाकली आणि तेवढ्या मोठ्या पोरीला मांडीवर ओढून तिथंच ओल्यात बसली. "कुठं दुखतंय? दाखव. सांग मला. अजून सांग."

"ओ ताई," टँकरवाला वरून ओरडला, "नंबर गेला तुमचा! पाणी चाललं!"

"जाऊ द्या," मंगल म्हणाली.